प्रगतीपत्रकावर सही करण्यापूर्वी

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकणाऱ्या मुलाचे प्रगतीपत्रक वर्षातून दोनदा घरी येते. एकदा दिवाळीच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा निकालाच्या दिवशी. घरात ज्याला सही येते तो सही करतो, नाहीतर आई अंगठा उठवते, आणि पत्रक शाळेत परत जाते. त्यात काय लिहिले होते असे विचारले, तर बहुतेक पालक एवढेच सांगतात, ‘पास झाला.’

आम्ही कचेरीत कारकुनी करतो. ज्या कागदावर सही करायची तो आधी वाचायचा, ही आमच्या नोकरीतली पहिली शिकवण. सुट्टीच्या दिवशी फुलंब्री, खुलताबाद, गंगापूर, पैठण या भागातील वस्त्यांवर जाणे होते. तेव्हा आम्ही मुलांची पत्रके मागून पाहतो आणि मग त्याच मुलांना जवळ बसवून पुस्तकातले चार ओळी वाचायला सांगतो. पुष्कळदा कागद एक सांगतो आणि मूल दुसरेच सांगते. असे का होते, शाळा मुलांना मोजते तरी कशी, आणि पालकांनी त्यात काय पाहावे, हे समाजबांधवांसमोर व विशेषतः माता-भगिनींसमोर मांडावे, म्हणून हा लेख.

शंभरातले अठरा

शाळेचे माप कसे घ्यावे हा प्रश्न आपल्या महापुरुषांनी फार पूर्वी विचारला आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शंभर मुले दाखल होतात, त्यांतली केवळ अठरा चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. मूल शाळेत आले ते साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, आणि आयुष्यभर साक्षर राहिले पाहिजे, नाहीतर प्राथमिक शिक्षणावरचा पैसा वाया गेला, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

त्याच्याही आधी, १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. अधिकारी वर्षातून एकदा शाळेत येऊन जातो, त्याचा उपयोग काय, असा त्यांचा सवाल होता. तपासणी निदान तीन महिन्यांनी तरी व्हावी आणि अधूनमधून आगाऊ खबर न देता व्हावी, अशी त्यांची मागणी होती. शाळेने आपणच आपल्याविषयी चांगले लिहावे आणि सरकारने ते खरे मानावे, हे जोतीरावांना मान्य नव्हते.

आज पटावरचे चित्र बदलले आहे. खेड्यातले जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत दाखल होते आणि चौथी-पाचवीपर्यंत पोचते. या बाबतीत आपण पुष्कळ मजल मारली. पण बाबासाहेबांचा प्रश्न पटाचा नव्हता, साक्षरतेचा होता. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालासाठी २००५ सालापासून देशभरातील खेड्यांत घरोघर जाऊन मुलांना वाचायला लावले जाते. त्यांच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातील सरकारी शाळांत पाचवीत असलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे पंचेचाळीसच मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले पाचवीत बसली आहेत, पण दुसरीचे पुस्तक त्यांना वाचता येत नाही. ही मुले पटावर हजर आहेत. त्यांच्या हाती प्रगतीपत्रकही आहे.

गुण कसे मोजतात

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा घेऊन मुलाचे भवितव्य ठरवू नये, त्याचे मूल्यमापन वर्षभर व सर्व अंगांनी व्हावे, असे कायद्याने सांगितले. त्यानुसार महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी निर्णय काढून ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ ही पद्धत आणली. नाव लांबलचक आहे, पण पद्धत समजायला सोपी आहे.

तिचे दोन भाग. पहिला ‘आकारिक’, म्हणजे शिकणे चालू असताना घेतलेले माप. यात शिक्षकाने आठ प्रकारे मुलाला पाहायचे : रोजचे निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, वर्गातला वा घरचा अभ्यास आणि इतर. दुसरा भाग ‘संकलित’, म्हणजे सत्राच्या शेवटी घेतलेली परीक्षा. पहिली-दुसरीला आकारिकाचे ७० आणि संकलिताचे ३० गुण. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला ५० आणि ५०. सातवी-आठवीला ४० आणि ६०. मूल जसे मोठे होते तशी परीक्षेची बाजू जड होत जाते.

या दोन्हींची बेरीज करून श्रेणी लिहितात. ९१ च्या वर अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड. त्याखाली ई-१ व ई-२. ‘ई’ श्रेणी म्हणजे नापास नव्हे. या मुलाला जादा मार्गदर्शन देऊन वर आणण्याची जबाबदारी शाळेची आहे, असा तिचा अर्थ.

पद्धत वाईट नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. जुन्या काळी एका पेपरात घाबरून गेलेले मूल नापास व्हायचे, दोनदा नापास झाले की बाप त्याला गुरे राखायला पाठवायचा आणि मुलगी असली तर तिच्या लग्नाचे पाहायचा. अशा नापासांच्या रांगेत आपल्याच समाजाची मुले सर्वांत जास्त असत. ती रांग या कायद्याने मोडली.

बेरजेत काय लपते

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, म्हणून आमच्या भाषेत सांगतो. शिक्षकाची रोजची नोंद म्हणजे रोजकीर्द, आकारिक नोंदवही म्हणजे खतावणी आणि प्रगतीपत्रक म्हणजे ताळेबंद. रोजकीर्द खरी असेल तर ताळेबंद खरा. रोजकीर्द सत्राच्या अखेरीस एका बैठकीत लिहून काढली, तर ताळेबंद कागदावर जुळतो, पण पेटीत पैसा किती आहे ते त्यावरून कळत नाही.

एक उदाहरण घ्या. चौथीतल्या एका मुलाला मराठीत आकारिकाचे ६० पैकी ४५ मिळाले. गाणी म्हटली, चित्रांची वही केली, उपक्रमात भाग घेतला, त्याचे हे गुण. संकलितात ४० पैकी १२ मिळाले, कारण प्रश्न वाचताच आला नाही. बेरीज ५७, श्रेणी क-१. बाप म्हणतो, ‘शंभरात सत्तावन्न, चांगलेच आहेत की!’ पण लेखी-तोंडी परीक्षेत मुलाला शेकडा तीसच गुण आहेत, हे बेरजेने झाकले. म्हणून पालकांनी श्रेणी शेवटी पाहावी. आधी आकारिक किती आणि संकलित किती, हे दोन आकडे वेगवेगळे पाहावेत. एक फुगलेला आणि दुसरा खंगलेला दिसला, तर शाळेत जाऊन विचारावे.

दुसरी गोष्ट नोंदींची. प्रगतीपत्रकावर ‘विशेष प्रगती’, ‘आवड/छंद’, ‘सुधारणा आवश्यक’ अशा रकान्यांत शिक्षक वाक्ये लिहितात. खरे पाहता हाच भाग सर्वांत मोलाचा. ‘जोडाक्षरे वाचताना अडखळते’, ‘हातच्याची वजाबाकी येत नाही, बेरीज येते’ असे एक वाक्य दहा श्रेणींपेक्षा जास्त सांगून जाते. पण आम्ही पाहतो ती वाक्ये बहुधा अशी असतात : ‘शांत असते’, ‘नियमित शाळेत येते’, ‘शाळेच्या कामात मदत करते’. एका वस्तीवर एकाच वर्गातील तीन मुलींची पत्रके आम्ही शेजारी शेजारी ठेवली. तिन्हींवर तेच वाक्य होते : ‘वर्गाची स्वच्छता राखते.’ तिघींपैकी एकीला गोष्ट सरळ वाचता येत होती, दुसरी शब्दाशब्दाला थांबत होती आणि तिसरीला काना-मात्रेची ओळखही पक्की नव्हती. पत्रकाच्या लेखी तिघी सारख्या.

स्वच्छता हा चांगला गुण आहे, आणि सगळ्या वर्गाने मिळून झाडले तर त्यात कमीपणा नाही. पण आपल्या मुलीविषयी शाळेला लिहिण्यासारखे दुसरे काहीच सापडू नये, आणि झाडू तेवढा सापडावा, हे आपण मुकाट्याने सही करून मान्य करावे काय? मुलगी काय वाचते, काय लिहिते, कोणते गणित सोडवते, ते लिहा, असे नम्रपणे पण ठामपणे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे.

अहवाल वर जातो, खाली येत नाही

शिक्षकांवर सगळा दोष टाकून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. कायद्याच्या हिशेबाने पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे लहान गावात दोन गुरुजी आणि वर्ग चार-पाच. एक वर्ग शिकवताना दुसरा मोकळा. त्यातच पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीचे काम. प्रत्येक मुलाच्या आठ-आठ नोंदी प्रत्येक विषयात मनापासून ठेवायच्या तर दिवस पुरणार नाही.

वरून मागणी मात्र सतत असते. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि राज्यभर पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी प्रथम भाषा, गणित व इंग्रजी या विषयांच्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. प्रश्नपत्रिका राज्याकडून, तपासणी शाळेत आणि गुण ऑनलाइन भरायचे. ते आकडे मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुखांकडे, तेथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, जिल्हा परिषदेत आणि पुण्याला जातात. शिवाय ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर तिसरी, सहावी व नववीच्या निवडक शाळांत ‘परख’ सर्वेक्षण झाले. अशा सर्वेक्षणातून राज्य किंवा जिल्हा कोठे आहे ते कळते. आपला गोट्या कोठे आहे ते त्यातून कळत नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे.

आकडे वर जाण्यात एक धोका असतो. कमी आकडा म्हणजे शिक्षकाला बोल, जास्त आकडा म्हणजे शाबासकी, असे जेथे होते तेथे आकडा हळूहळू फुगू लागतो. हे केवळ शाळेतच होते असे नाही, कोणत्याही कचेरीत होते. पण कचेरीत फुगलेला आकडा पुढच्या तपासणीत दुरुस्त होतो. शाळेत फुगलेल्या आकड्याची किंमत मूल भरते, कारण ज्याला ‘येते’ असे लिहिले त्याला पुन्हा शिकवायला कोणी बसत नाही.

यावर उपाय एकच. जो अहवाल पुण्याला जातो, तो त्या मुलाच्या आईलाही समजेल अशा शब्दांत मिळाला पाहिजे. आणि ही काही मेहेरबानी नव्हे. २००९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्ये दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरज असेल तर जादा शिकवणे, तसेच पालकांच्या नियमित सभा घेऊन हजेरी, शिकण्याची क्षमता व झालेली प्रगती त्यांना सांगणे, ही त्यांतलीच कर्तव्ये आहेत.

पाचवीला गाठ आहे

आता हे सारे इतक्या तातडीने का सांगायचे? कारण पूर्वीची ‘आठवीपर्यंत नापास नाही’ ही स्थिती बदलली आहे. २०१९ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून पाचवी व आठवीत नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ साली नियम बदलले आणि २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा सुरू केली. प्रत्येक विषयात किमान ३५ टक्के गुण हवेत. नापास झाल्यास शाळेने पुरवणी मार्गदर्शन द्यायचे आणि पुनर्परीक्षा घ्यायची. तिच्यातही नापास झाल्यास मूल त्याच वर्गात राहते. मात्र प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पहिली ते चौथी ‘क-१’, ‘ब-२’ म्हणून सही करत गेलो आणि मुलाला वाचता येत नाही हे पहिल्यांदा पाचवीच्या निकालात कळले, तर चार वर्षे हातची गेली. साहेबांच्या वा मोठ्या बागायतदाराच्या मुलाला शिकवणी लावता येते. वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्या किंवा मजुरीला जाणाऱ्या बापाला ते परवडत नाही. एक वर्ष मागे राहिलेला आपला मुलगा शाळेत टिकेल की विटभट्टीवर जाईल, हे त्या वर्षी ठरते. म्हणून पाहणी पाचवीत नव्हे, दुसरीपासूनच करायची.

घरची दहा मिनिटे

पाहणी करायला फार शिकलेले असावे लागत नाही. महिन्यातून एकदा रात्री जेवणानंतर दहा मिनिटे पुरेत.

मुलासमोर दुसरीचे मराठीचे पुस्तक ठेवा. जे धडे पाठ झालेत ते नकोत, न वाचलेले पान उघडा. गोष्ट न अडखळता वाचली तर उत्तम. गोष्ट जमली नाही तर चार सोपी वाक्ये वाचू द्या. तीही जमली नाहीत तर दोन अक्षरी, तीन अक्षरी शब्द दाखवा. तेही नसतील तर सुटी अक्षरे. मूल यांपैकी ज्या पायरीवर थांबले ती त्याची आजची पायरी. आईला वाचता येत नसेल तरी कान आहेत. मूल एका दमात वाचते की अक्षर अक्षर जोडते, हे ऐकून कळते. वाचून झाल्यावर ‘आता तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा. सांगता आले तर वाचलेले समजले.

गणितातही तसेच. नव्व्याण्णवपर्यंतचे आकडे ओळखतो का? हातच्याची वजाबाकी, म्हणजे ५२ वजा २७, येते का? चौथी-पाचवीत असेल तर ९३६ भागिले ४ सारखा भागाकार येतो का? किराणा दुकानात शंभराची नोट दिली, चौसष्ट रुपयांचे सामान घेतले, तर किती परत आणशील, हे तोंडी विचारा. शेवटी आजच्या दिवसाविषयी दोन ओळी स्वतःच्या मनाने लिहायला सांगा, फळ्यावरून उतरवलेल्या नकोत.

हे करताना मारायचे नाही, शेजारच्या मुलाशी तुलना करायची नाही, ‘तुझ्यात डोकेच नाही’ असे तर कधीच म्हणायचे नाही. डोके असते. आपल्याच जिल्ह्यात, शहरापासून थोड्या अंतरावरील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेच्या मुलांना कोणती परदेशी भाषा शिकायची असे विचारले, तेव्हा त्यांनी जपानी निवडली, कारण त्यांना यंत्रमानवाचे तंत्र शिकायचे होते, आणि ती ते शिकू लागले. ही बातमी २०२० साली देशभर गेली. ती खेड्यातलीच मुले. कमी पडते ते शिकवणे, लक्ष देणे आणि वेळेवर खरे माप घेणे.

शाळेत जाऊन काय विचारावे

पालकसभेला मजुरी बुडवून जावे लागते, हे खरे. तरी वर्षातून दोन वेळा आई किंवा बाप, एकाने जावेच. प्रश्न चारच विचारावेत :

माझे मूल मराठीत व गणितात आज नेमके कोणत्या पायरीवर आहे?

आकारिकाचे गुण कशाचे दिले, आणि संकलितातले कोठे गेले? उत्तरपत्रिका पाहायला मिळेल का?

जे येत नाही त्यासाठी शाळा जादा काय करणार, आणि कधी?

आम्ही घरी काय करावे?

आवाज चढवू नये, गुरुजींना वा बाईंना उगाच धारेवर धरू नये. घरी घेतलेली पाहणी सांगावी. चांगल्या शिक्षकाला असा पालक हवाच असतो.

शाळा व्यवस्थापन समितीचाही विसर पडू देऊ नये. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात, आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. आपल्या वस्तीतील एखाद्या भगिनीचे नाव या समितीच्या कागदावर असते, पण बैठक कधी झाली हे तिला ठाऊक नसते, असे आम्ही पाहिले आहे. तिने बैठकीला जावे आणि ‘आपल्या शाळेत कितवीतल्या किती मुलांना वाचता येते?’ एवढा एकच विषय मांडावा.

जी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा विटभट्टीवर जातात, त्यांनी जाण्यापूर्वी शाळेतून ‘शिक्षण हमी पत्रक’ मागून घ्यावे. मूल कोणत्या पातळीवर आहे हे त्यावरून नव्या गावच्या शाळेला कळते आणि तेथे बसवून घेणे सोपे जाते. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होत असेल तर मुलांना मागे ठेवण्याचाही विचार करावा.

शेवटी तरुण कार्यकर्त्यांना दोन शब्द. जयंतीच्या वर्गणीची वही आपण चोख ठेवतो, पैन् पैचा हिशेब देतो. तशीच एक वही मुलांची ठेवा. महिन्यातल्या एका रविवारी विहारात किंवा समाजमंदिरात वस्तीतली दुसरी ते पाचवीची मुले बसवा, वर सांगितल्याप्रमाणे वाचून घ्या, आणि नावापुढे तारीख व पायरी लिहा. श्रेणी नको, नंबर नको, बक्षीसही नको. जे मूल मागच्या महिन्यात शब्दांवर होते ते या महिन्यात वाक्यांवर आले का, एवढेच पाहा. न आलेल्यांना बारावी झालेल्या दोन मुला-मुलींनी रोज अर्धा तास बसवावे. सहा महिन्यांनी ती वही घेऊन शाळेत जा आणि शाळेच्या नोंदवहीशेजारी ठेवा. तेव्हा शंभरातले किती, या १९२७ सालच्या प्रश्नाला निदान आपल्या वस्तीपुरते खरे उत्तर देता येईल.